खिडकीची जागा, सेवाशुल्क शून्य

मापकाकांचं खरं नाव आता गल्लीत कुणाच्या लक्षात नाही. तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून घालवलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार! नोकरीत असताना त्यांची सावली दिसली तरी दुकानदार काट्याची पारडी पुसायला लागायचा. पण ते कधी साहेब म्हणून दुकानात शिरत नसत. साधी पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून जायचे, किलोभर साखर मागायचे, पैसे द्यायच्या वेळी थांबायचे आणि मग पिशवीतून खात्याचं वजन काढायचे. खोटं गिऱ्हाईक आणि खरं वजन, एवढीच त्यांची विद्या. तिच्या जोरावर त्यांनी गावोगावचे काटे सरळ केले आणि घरच्यांचं डोकं मात्र पार खाल्लं. दुधाच्या पिशवीवर छापलेलं दूध आणि पातेल्यात उतरलेलं दूध जुळतं की नाही, हे काकूंना लग्नापासून रोज दाखवावं लागतं.

निवृत्त झाल्यावर काटे गेले, पण सवय कुठे जाते? ती ऑनलाइन तिकिटांवर येऊन बसली. समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर, शेजारी स्टीलची फूटपट्टी आणि एक लांबडं रजिस्टर. गल्लीत कुणालाही रेल्वेने जायचं असलं की सकाळी आधी इथे. "काका, अमक्या साइटवर काढू का?" असं कुणी विचारलं की काका चष्मा वर सरकवून म्हणायचे, "थांब, फरक किती ते बघू." मग रजिस्टर उघडायचं. मूळ भाडं, सेवाशुल्क, पैसे भरायचं वेगळं शुल्क, न मागता गळ्यात मारलेला विमा, तिकीट रद्द केलं तर किती कापणार आणि उरलेले कधी परत देणार, सगळे रकाने फूटपट्टीने आखलेले. साइटना त्यांनी नावं ठेवली होती. पहिल्या पानावर स्वस्ताई दाखवून शेवटी हात मारणारी ती गोडबोली. विम्याच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवणारी ती विमावाली. शुल्क कमी, पण एक पान उघडायला युग लावणारी ती कासव. आणि अलीकडे एक नवी आली होती, सारखी 'लवकर करा' म्हणणारी, तिचं नाव घाईची.

भाडं सगळीकडे सारखंच, कारण गाडी एकच. लबाडी असते ती शेवटच्या पानावर. तिथे पोचल्याशिवाय कुठलीही साइट आपलं खरं शुल्क सांगत नाही. म्हणून काकांनी जुनीच युक्ती चालवली. रोज सकाळी दहा वाजता एक प्रवासी घ्यायचा, त्याचं नाव आणि वय भरायचं, खिडकीची जागा मागायची, त्याला शेवटच्या पानापर्यंत न्यायचं, शुल्काचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवायचा आणि पैसे न भरता मागे फिरायचं. रोज तीच गाडी, रविवारची दुपारी चार चाळीसची. आणि रोज तोच प्रवासी.

तो प्रवासी म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

धाकटा काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे काकांनीच त्याला शाळेत घातलं, सायकल शिकवली आणि वेळप्रसंगी धपाटेही घातले. तो छापखान्यात मशीन चालवायचा. नखांतली शाई कधी पूर्ण निघायची नाही, म्हणून जेवताना काकू त्याच्या हातांकडे बघून नाक मुरडायच्या आणि तो मुद्दाम तेच बोट चाटायचा. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी त्याला दूरच्या शहरातल्या मोठ्या छापखान्याचं पत्र आलं. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. रविवारची चार चाळीसची पकडली तर तो वेळेत पोचणार होता.

"दादा, तिकीट काढशील ना?" तो म्हणाला होता. "खिडकी बघ हं."

खिडकीजवळच्या दोन जागा शिल्लक होत्या. गोडबोलीवर काकांनी सगळं भरलं, शेवटच्या पानावर गेले आणि शुल्क बघून त्यांचा माथा भडकला. चाळीस! कासवावर अठरा होतं. बटण दाबलं असतं तर काम झालं होतं. पण काकांनी मागे येऊन कासव उघडलं. त्यावरचं ते चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पान उघडलं तेव्हा जागांच्या ठिकाणी प्रतीक्षा यादी आली होती. पुन्हा गोडबोलीकडे धावले, तिथेही तेच. बावीस रुपयांसाठी दोन्ही जागा गेल्या होत्या.

बाहेर येऊन काका म्हणाले, "गाडी फुल आहे रे. आधीपासूनच फुल होती."

आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माणसाने एवढं एकच खोटं सांगितलं, आणि तेही निव्वळ लाजेपोटी. धाकटा हसला. "राहू दे, बसने जातो." दारात काका नेहमीसारखे म्हणाले, "पोचलास की कळव." हे वाक्य ते धाकटा भाजी आणायला निघाला तरी म्हणायचे, आणि तो चेष्टेने कोपऱ्यावरून ओरडायचा, "पोचलो!" त्या रात्री त्याची बस एका वळणावर रस्ता सोडून खाली दरीत गेली. कळवायला कुणी उरलंच नाही.

खरं काय ते काकांनी कुणालाही सांगितलं नाही. काकूंना नाही, भावजयीला तर नाहीच. भावजय चष्म्याच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे. नवऱ्याला ती अरे-तुरे करायची, सुरुवातीला ते काकूंना खटकायचं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "भाऊजींनी तिकिटासाठी किती जिवाचं रान केलं, पण गाडीच फुल होती." हे ऐकलं की काका उठून आत जायचे आणि नळ सोडून उभे राहायचे. नऊ वर्षांत ती हे वाक्य किती वेळा बोलली असेल, त्याची मोजदाद मात्र त्या मोजणाऱ्या माणसाने ठेवली नाही.

अपघातानंतर महिनाभराने त्यांनी कॉम्प्युटर उघडला तेव्हा रकान्यात धाकट्याचं नाव तसंच होतं. साइटने जपून ठेवलं होतं. वय अडतीस, जागा खिडकीची, त्याचा मोबाइल नंबर. काकांनी सहज म्हणून पुढे दाबलं. पुन्हा पुढे. शेवटचं पान आलं आणि वर एक घड्याळ उलटं धावायला लागलं. 'ही जागा आपल्यासाठी आठ मिनिटं राखून ठेवली आहे.' काका ती आठ मिनिटं डोळ्यांची पापणी न लववता बसून राहिले. त्या आठ मिनिटांत धाकट्याला गाडीत जागा होती. मग 'वेळ संपली' आलं, आणि काकांनी शुल्काचा आकडा कागदावर लिहिला, कारण काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना उठता येईना. रजिस्टर सुरू झालं ते असं. लोकांना वाटायचं, काका लोकांसाठी करतात. काकांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

पण धाकट्याच्या वाढदिवसाच्या तारखेला ते त्याचं वय एकाने वाढवायचे. ह्याला कुठल्या खात्याचा नियम म्हणायचा? फोटोतला धाकटा अडतीसचाच राहिला आणि कॉम्प्युटरमधला सत्तेचाळीसचा झाला. कधी कधी दुपारी आरामखुर्चीत पडल्या पडल्या काकांच्या मनात यायचं, की आता त्याचे केस कानापाशी पांढरे झाले असतील. आणि मग ते दचकून उठायचे, पाणी प्यायचे, काकूंनी काय झालं विचारलं तर "काही नाही, उकडतंय" म्हणायचे.

आता त्या गुरुवारचं ऐका.

घाईचीने जाहिरात केली होती की तिच्या ऑनलाइन पाकिटात पैसे आधी भरून ठेवले तर सेवाशुल्क शून्य. काकांचा ह्यावर विश्वास बसेना. शून्य म्हणजे कुठेतरी काटा दाबलेला असणारच! तपासायला म्हणून त्यांनी पाकिटात पैसे भरले. दहा वाजता धाकट्याचं नाव घातलं, खिडकी मागितली, पुढे दाबलं, पुन्हा पुढे दाबलं आणि शेवटच्या पानाची वाट बघू लागले. शेवटचं पान आलंच नाही. हिरव्या रंगाची बरोबरची खूण आली. 'अभिनंदन! आपली जागा निश्चित झाली आहे.' डबा चौथा, जागा तेवीस, खिडकी. सेवाशुल्क शून्य. घाईचीने शेवटचं पानच काढून टाकलं होतं. पाकिटात पैसे असले की ती विचारत बसत नसे.

धाकट्याला तिकीट मिळालं होतं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि फरक काही नाही. सवयीने त्यांनी 'रद्द करा' उघडून किती कापतील ते बघितलं, आकडा रजिस्टरमध्ये उतरवलासुद्धा. पण बटणावर बोट पडेना. त्याच्या हातातलं तिकीट आपण दुसऱ्यांदा काढून घेतोय, असं त्यांना वाटलं. असल्या वाटण्याला खात्यात त्यांनी कधी भाव दिला नसता.

दुपारी दाराची कडी वाजली. भावजय होती. दुकानातून तशीच आलेली, चष्मे पुसायचं पिवळं फडकं अजून खांद्यावर. हातात धाकट्याचा जुना फोन. काका तो फोन बघून खुर्चीतून अर्धवट उठले.

"हा चालू आहे?"

"दर महिन्याला पैसे भरते मी," ती म्हणाली. "जाऊबाईंना माहीत आहे. नऊ वर्षांत ह्याच्यावर जाहिरातींशिवाय काही आलं नाही. आज हे आलं बघा, भाऊजी."

काकांनी वाचलं. धाकट्याचं नाव, वय सत्तेचाळीस, रविवार, चार चाळीस, डबा चौथा, जागा तेवीस. फॉर्मातल्या त्या नंबरावर कधी काही जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण आजवर कुठलं तिकीट पुरं झालंच नव्हतं.

"वयसुद्धा बरोबर आहे हो," भावजय हळू आवाजात म्हणाली. "आज असता तर सत्तेचाळीसच झाला असता. हे कुणाला माहीत असणार?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू हात पुसत उभ्या होत्या. सांगायचं तर हीच वेळ होती, हे काकांनाही कळत होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "साइटची चूक असेल. जुनी माहिती पडून असते त्यांच्याकडे."

"असेल. तुम्हाला त्यातलं कळतं." ती फोन पदराला पुसत राहिली. "पण कुणीतरी त्याच्या नावावर त्या जागेवर बसणार ना? मला बघायचंय कोण ते. रविवारी याल माझ्याबरोबर? मला दुसरं कोण आहे विचारायला. त्या दिवशीसुद्धा तुम्हीच धावपळ केलीत."

काका हो म्हणाले. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चेहरा का असा उतरलाय?" आणि काकांनी नळ सोडला.

पुढचे तीन दिवस काकांचा जीव टांगणीला लागला. तिकीट रद्द केलं असतं तर दुसरा संदेश गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. 'चूक दुरुस्त झाली' म्हणाले असते, तिने विश्वासही ठेवला असता, ती त्यांच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवायची. तिथेच तर सगळा घोळ होता. दिवसातून दहादा ते टेबलापाशी जाऊन परत येत. स्क्रीनवर धाकट्याच्या नावाखाली लिहिलेलं असे, 'प्रवासाला दोन दिवस बाकी.' मग 'एक दिवस बाकी.' शनिवारी संध्याकाळी त्यांना भास झाला की कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडलं. त्यांनी खिडकी उघडून बघितलं. कोपऱ्यावर इस्त्रीवाला कपड्यांच्या घड्या घालत होता, बाकी कुणी नव्हतं.

रविवारी चारलाच दोघं फलाटावर होती. गाडी लागलेली होती. चौथ्या डब्यात चढून भावजय आकडे वाचत पुढे निघाली आणि तेविसापाशी थांबली. जागा रिकामी. शेजारी एक बाई मांडीवर डबा घेऊन बसली होती, समोर दोन कॉलेजची मुलं. ह्या दोघांनी बसायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण दोघंही उभीच राहिली. खिडकीतून ऊन येऊन त्या निळ्या रेक्झिनवर पडलं होतं.

चारचे सव्वाचार झाले. साडेचार झाले. येणारा प्रत्येक माणूस जवळ आला की भावजय मान वर करायची, आणि तो पुढे गेला की खाली घालायची. काकांना ते बघवेना. येणार कोणी नव्हतं, आणि ते फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं.

तेवढ्यात टीसी आला. त्याच्यामागे हातात पिशवी घेतलेला एक म्हातारा, प्रतीक्षा यादीवाला, जागेसाठी गयावया करत होता. टीसीने हातातल्या यंत्रात बघितलं आणि धाकट्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात वाचलं.

नऊ वर्षांत ते नाव असं कुणी हाक मारल्यासारखं घेतलं नव्हतं. भावजयीने समोरच्या जागेची कड घट्ट धरली.

"आलेत का हे? तुमच्यापैकी कुणाचे?"

"माझा भाऊ," काका म्हणाले. "तो नाही येणार. त्याला तिकीट मिळालं नाही."

टीसीने पुन्हा यंत्राकडे बघितलं. "मिळालंय की! कन्फर्म आहे. खिडकी दिलीय."

"मिळालं नाही," काका म्हणाले, आणि मग ते टीसीशी बोलत नव्हते. ते भावजयीकडे वळले होते. "गाडी फुल नव्हती गं. दोन जागा होत्या. ह्याच बाजूच्या. मी शेवटच्या पानावर पोचलो होतो, नुसतं बटण दाबायचं होतं. शुल्क जास्त वाटलं म्हणून मी मागे फिरलो आणि दुसरीकडे बघत बसलो. तेवढ्यात गेल्या. आणि मी सगळ्यांना सांगितलं, फुल आहे. हे तिकीटही माझ्याच हातून निघालंय. रोज त्याचं नाव घालतो मी. रोज शेवटपर्यंत नेतो आणि परत आणतो."

डबावाल्या बाईने डबा बंद केला. कॉलेजच्या मुलांनी कानातलं काढलं. टीसीला काही उलगडेना. भावजय काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतात तशी, अगदी जवळून.

"फरक किती होता?" तिने विचारलं.

हा प्रश्न काकांनी आयुष्यात हजारदा दुसऱ्यांना विचारला होता.

"बावीस," ते म्हणाले. "बावीस रुपये."

गाडीने शिट्टी दिली. टीसीने घसा साफ केला. "मग ही जागा ह्या बाबांना देऊ का?"

"आत्ता नाही," भावजय म्हणाली. "सुटेपर्यंत ती त्याची आहे."

टीसीने एकदा तिच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दोघं खाली उतरली. गाडी हलली. चौथा डबा समोरून सरकताना खिडकीत कुणी नव्हतं, पिशवीवाला म्हातारा बाजूला अदबीने उभा होता. काकांचा हात आपोआप वर झाला. "पोचलास की" एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि पुढचं निघेना. हात खाली घेऊन ते वळले तेव्हा भावजय जिन्याच्या अर्ध्यावर होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. सोमवारपासून कुणी तिकीट विचारायला आलं तर काकूच दारातून सांगायच्या, "काकांची तब्येत बरी नाही." मंगळवारी काकांनी चष्म्याच्या दुकानापर्यंत जाऊन बघितलं. ती काचेआड कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत होती. आत जायचा धीर झाला नाही, ते परत आले. रजिस्टर कपाटावर गेलं. दहा वाजले की हात मात्र शिवशिवायचे, आणि समोरच्या बंद स्क्रीनमध्ये स्वतःचाच चेहरा दिसायचा. तो धाकट्यासारखा दिसत होता, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

बुधवारी सकाळी ते खिडकीपाशी नुसतेच बसले होते. टेबलावरचा फोन थरथरला. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. स्क्रीनवर नाव आलं होतं, 'धाकटा'. तो नंबर त्यांनी कधी पुसलाच नव्हता.

संदेश उघडायला त्यांना बराच वेळ लागला. वर घाईचीचे शब्द होते, त्या जुन्या फोनवर आलेले, तिथून पुढे पाठवलेले. 'आपला प्रवास पूर्ण झाला आहे. आमची सेवा कशी वाटली?'

आणि त्याखाली भावजयीने एकच शब्द लिहिला होता.

'पोचला.'

काकांनी फोन छातीशी धरला आणि आत काकूंना हाक मारली. हाक मारताना आपण मोठ्याने रडतोय हे त्यांना कळलंही नाही.